वजा केलेला उजेड

खगोलशास्त्रज्ञाच्या तोंडून 'अलीकडे' हा शब्द आला की ऐकणाऱ्यानं जरा सावध व्हावं. त्याचं अलीकडे म्हणजे गेली शंभर कोटी वर्षं. डॉ. सुवर्णा वाघमोडे हिचं सगळं नाव या एका शब्दावर झालं होतं. कुठल्या दीर्घिकेत, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या पसाऱ्यात, अलीकडे नवे तारे जन्मले आणि कुठल्या दीर्घिकेचं दुकान कधीच बंद पडलं, हे तिच्याइतकं चोख सांगणारं माणूस पुण्यातल्या त्यांच्या वेधसंस्थेत तर नव्हतंच, बाहेरही फारसं नव्हतं. तिनं एखाद्या दीर्घिकेला मृत म्हटलं की ती मृत. पुन्हा नाडी बघायला कोणी जात नसे.

म्हणून बंगळूरहून जोसेफ कुरियनचा फोन आला तेव्हा तिला आधी गंमतच वाटली. कुरियन तिचा शिकत असल्यापासूनचा मित्र. दोघांनी एकाच खोलीत बसून प्रबंध लिहिले होते, एकमेकांच्या चुका काढल्या होत्या.

"तुझ्या यादीतली एक मेलेली दीर्घिका मला जिवंत सापडली आहे," तो म्हणाला. "पोरं झाली आहेत तिला. पण घरात नाही, अंगणात. चित्र पाठवलंय, बघ."

तिनं चित्र उघडलं. ओळखीची दीर्घिका होती, जवळच्याच एका समूहातली. मधे पिवळट, थकलेला गोळा, आणि एका अंगाला लांबवर विखुरलेले निळे ठिपके. सुवर्णा ते ठिपके बघत राहिली आणि तिच्या तोंडचं हसू हळूहळू गेलं.

यातली गोम कळायची तर थोडं मागं जायला हवं. नवे जन्मलेले मोठे तारे अतिनील प्रकाशात झगझगतात आणि लवकर मरतात. म्हणून कुठं अतिनील उजेड दिसला की समजावं, इथं अलीकडे पाळणा हललेला आहे. पण म्हाताऱ्या ताऱ्यांतही काही वस्ताद असतात. वरची सालं गळून गेली की त्यांचा तापलेला गाभा उघडा पडतो, आणि तेही अतिनील उजेड फेकायला लागतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, काय तारुण्य आहे. असतं नुसतं केस रंगवलेलं म्हातारपण. हे दोन उजेड एकमेकांपासून निवडून काढायची रीत सुवर्णानं बसवली होती. त्या रीतीचं लांबलचक इंग्रजी नाव संस्थेत कोणी घेत नसे. सगळे तिला 'ताजं-शिळं' म्हणत.

आता समूहाचं. दीर्घिका बहुधा घोळक्यानं राहतात, आणि मोठ्या घोळक्यात दीर्घिकांच्या मधली जागा तापलेल्या विरळ वायूनं भरलेली असते. एखादी दीर्घिका बाहेरून वेगानं आत शिरली की हा वायू तिला समोरून वाऱ्यासारखा लागतो आणि तारे घडवायचा तिचा कच्चा माल उधळून मागं टाकतो. खळ्यावर धान्य उफणताना भूस उडतं तसं. माल गेला की नव्या ताऱ्यांचा जन्म थांबतो. समूहातल्या कितीतरी दीर्घिका अशा विझलेल्या असतात, आणि त्या मोजायची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. दीर्घिकेभोवती एक वर्तुळ काढायचं. वर्तुळातला उजेड तिचा. त्याबाहेर एक कडं काढायचं. कड्यातला उजेड रिकाम्या आकाशाचा, म्हणजे पार्श्वभूमी. ती वर्तुळातून वजा करायची. उरेल ते खरं.

कुरियनच्या दीर्घिकेचा उधळलेला माल मागं जाऊन थंड झाला होता, गोळा झाला होता, आणि तिथंच, दीर्घिकेच्या अंगाबाहेर, तारे जन्मले होते. ते नेमके सुवर्णाच्या कड्यात पडत होते. तिनं ते मोजले नव्हते, एवढ्यावर भागत नव्हतं. तिनं ते वजा केले होते.

"एवढं काय तोंड पाडतेस," कुरियन फोनवर म्हणाला. "कडं लांब न्यायचं, यादी पुन्हा काढायची, दुरुस्ती छापायची. दीर्घिकांना काय फरक पडतो?"

दीर्घिकांना पडत नव्हता, हे खरंच होतं. अशा निळ्या शेपट्या तिनंही पूर्वी पाहिल्या होत्या आणि पुढच्या आवृत्तीत बघू म्हणून बाजूला सारल्या होत्या. तिनं कुरियनला "हो, करते" म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर तिला आठवलं की हेच कडं आणखी एका ठिकाणी वापरलं जातंय.

काही वर्षांपूर्वी तिच्या एका व्याख्यानानंतर डॉ. सुहृद पाठारे नावाचे मेंदूचे डॉक्टर तिला येऊन भेटले होते. मऊ बोलणारा, हट्टी माणूस. ते म्हणाले, "मॅडम, तुमची आणि माझी अडचण एकच आहे. स्मृतिभ्रंशाच्या माणसाच्या डोक्यात जुन्या आठवणींचा उजेड एवढा असतो, की खाली नवं काही रुजतंय का तेच दिसत नाही. तुमचं ताजं-शिळं मला द्या."

तिनं दिलं. आनंदानं दिलं. पाठाऱ्यांनी डोक्यावर घालायची एक टोपी केली. तिच्यातून निघणारा मंद उजेड कवटीतून आत जाऊन मेंदूतल्या रक्ताची हालचाल टिपत असे. चाचणी दोन दिवसांची. पहिली काही मिनिटं रुग्णानं नुसतं बसायचं. तो बिचकू नये म्हणून घरचं माणूस शेजारी बसवायचं. ही पार्श्वभूमी. मग त्याला अनोळखी चेहरे आणि त्यांची नावं दाखवायची. काही रुजलं तर मेंदूत एक बारीक लहर उठते, आणि दुसऱ्या दिवशी तेच पुढं आलं की ओळखीची म्हणून ती पुन्हा उठते. दोन्ही दिवसांची पार्श्वभूमी वजा करायची. उरेल ते खरं.

चाचणी बघता बघता रक्तातल्या साखरेइतकी घरोघर झाली. अहवालावर सभ्य भाषेत 'नवनिर्मिती आढळली नाही' असं छापलेलं असे, पण लोकांनी संस्थेतलाच शब्द उचलला. "आमचे काका शिळे निघाले," असं लोक लिफ्टमध्ये एकमेकांना सांगू लागले. शिळ्या आजीला नातवाच्या लग्नाला न्यायचं कशाला, तिच्या काय लक्षात राहणार? शिळ्या बाईला तिचा नवरा गेल्याचं सांगायचं तरी कशाला? वृद्धाश्रमांनी दोन भाग केले. ताज्यांना गाणी, सहली, वर्तमानपत्र. शिळ्यांना वेळेवर जेवण आणि स्वच्छ चादरी. चांगल्या, मायेच्या माणसांनीही हेच केलं. त्यांचं चुकलं असं म्हणायला तोंड नव्हतं, कारण चुकलं असं वाटण्यापासूनच यंत्रानं त्यांची सुटका केली होती.

सुवर्णाचीही केली होती.

तिचे वडील हिंदुराव वाघमोडे. सांगलीच्या एसटी स्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते. फलाटावर गाडी लागली की कर्ण्यावरून घुमणारा आवाज त्यांचा. नोकरीत असताना गावात त्यांना त्या आवाजानं ओळखत. पुढं सुवर्णाची आई वारली आणि अण्णा विसरायला लागले. किल्ल्या, गॅस, जेवलो की नाही. एकटे राहायचे, आणि दिवसातून दहादा लेकीला फोन करायचे. तीच विचारपूस, तीच महापुराच्या वर्षी शेवटची गाडी पाण्यातून कशी काढली ती गोष्ट. शिळ्या कढीला किती वेळा ऊत आणायचा याला काही मर्यादा? सुवर्णानं लग्न केलं नव्हतं, भावंड नव्हतं, वाटून घ्यायला कोणी नव्हतं. सुट्टी मिळाली की ती पुण्याहून गाडी हाकत जायची आणि रागावून परत यायची. राग कोणावर ते तिचं तिलाच कळत नसे.

गेल्या वर्षी तिनं त्यांना मिरजेतल्या एका दवाखान्यात चाचणीला नेलं. टोपी घालून अण्णा आज्ञाधारक मुलासारखे खुर्चीत बसले. तंत्रज्ञ बाई म्हणाली, "तुम्ही शेजारी बसा, काहीही बोला. हे मोजत नाही आपण. नंतर काढून टाकतो."

ती निघून गेली. खोलीत दोघंच. आणि सुवर्णा बोलली. कशी बोलली, का बोलली, हे तिला पुढं कधी नीट सांगता आलं नाही. समोरचं माणूस शिळं आहे याची मनाशी खात्री होती, आणि काढूनच टाकणार आहेत असं आत्ताच कोणी सांगितलं होतं. ती म्हणाली, "अण्णा, मी दमले. परवा तुमचा फोन आला ना, मी मुद्दाम उचलला नाही." मग ती म्हणाली, "कधी कधी वाटतं, आईच्या जागी तुम्ही गेला असता तर बरं झालं असतं."

अण्णांनी तिच्याकडं पाहिलं आणि विचारलं, "हितं चहा मिळंल का गं?"

अहवाल आला. नवनिर्मिती आढळली नाही. तिनं तो दोनदा वाचला आणि तिला हलकं वाटलं. सासवडच्या अलीकडं एक चांगला आश्रम होता, तिथल्या दुसऱ्या भागात अण्णांची सोय झाली. गंमत म्हणजे चाचणीच्या दिवसापासून त्यांचा एकही फोन आला नाही. आश्रमात फोन होता, तिचा नंबर त्यांना तोंडपाठ होता. आजार पुढं सरकला, एवढंच तिनं समजून घेतलं. सुरुवातीला ती दर रविवारी गेली, मग महिन्याकाठी, मग दिवाळी झाली की जाऊ म्हणाली. दिवाळी होऊन गेली होती.

कुरियनच्या फोननंतर तिनं पाठाऱ्यांना गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे नातेवाईक शेजारी बसून जे बोलतो, तेच जर रुजत असेल..."

"तर तुम्ही तेच वजा करता आहात," सुवर्णा म्हणाली. "परक्या चेहऱ्यांची नावं त्यांना नको असतील. कोणाला हवी असतात? घरचं माणूस बोलतंय ते हवं असेल."

"नुसत्या शंकेवर एवढे अहवाल मागे घेता येत नाहीत, मॅडम. एक तरी नोंद उघडून बघावी लागेल." त्यांनी नोंदींची यादी चाळली. "तुमच्या वडिलांची आहे. पार्श्वभूमीत तुम्हीच होता."

दुसऱ्या कोणाची घ्या, असं तिच्या जिभेवर आलं होतं. पण कारण काय देणार? तिनं मान हलवली.

पाठाऱ्यांच्या खोलीत बसून त्यांनी वजा केलेला भाग वेगळा काढला. इतर कोणी तो उघडलाच नव्हता. कचऱ्याची टोपली कोण उपसतं? पहिल्या दिवशीची रेघ आधी संथ होती, आणि मग एका जागी उठलेली होती. चांगली उठलेली. दुसऱ्या दिवशी सुवर्णा शेजारच्या त्याच खुर्चीत येऊन बसली होती, तेव्हा ती न बोलताही रेघ पुन्हा उठली होती, थोडी बुटकी, पण तीच. सुवर्णा त्या रेघेकडं बघत होती आणि मनात म्हणत होती, हे खोटं असू दे. आपला बाप कायमचा विझलेला असू दे. असं तिला अगदी मनापासून वाटलं, आणि वाटल्याबरोबर स्वतःची किळस आली.

"खरी लहर आहे, की गोंगाट?" पाठारे म्हणाले. "तिथं आवाज टिपलेला नसतो. त्या वेळी बोललेलं वडिलांनी आपण होऊन सांगितलं, तर माझ्या हातात पुरावा आहे. आजच्या आज सगळ्या दवाखान्यांना कळवतो, चाचणी थांबवतो. नाहीतर समिती बसेल आणि वर्षभर चिवडत राहील. दुसऱ्या नातेवाइकांना तेव्हाच्या गप्पा आठवणारही नाहीत. तुम्हाला आठवतंय ना, काय बोललात?"

"आठवतंय."

"मला आत्ता सांगू नका. आधी त्यांनी सांगावं, मग तुम्ही हो किंवा नाही म्हणा. म्हणजे कोणी शंका घेणार नाही."

आत्ता सांगू नका म्हणाले, याचंच तिला बरं वाटलं. माणूस किती लहान गोष्टीला धरून तरंगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सासवडच्या रस्त्याला लागली. आश्रमाच्या दारात मंगलताई भेटल्या. अण्णांच्या भागाचं सगळं त्याच बघत. पन्नाशीच्या, दणकट बाई. "आजोबा बाहेर बाकावर आहेत," त्या म्हणाल्या. "सकाळपासून विट्याची गाडी दोनदा सोडली." मग जरा घुटमळून म्हणाल्या, "एक सांगू का, मॅडम? या भागात आम्ही आमची नावं सांगत नाही. उपयोग नसतो. पण आजोबा मला मंगल म्हणूनच हाक मारतात. कुणी हाक मारलेली ऐकली असंल. कागदावर शिळे म्हणून लिहिलंय, म्हणून मी कुणाला बोलले नाही. मला वाटलं, मलाच वेड लागलंय."

सुवर्णा बाकाकडं गेली.

अण्णा उन्हात बसले होते. वाळले होते. स्वेटरची बटणं एकेका घरानं चुकलेली होती. तिला बघून ते लगबगीनं सरकले आणि त्यांनी जागा केली.

"सुवर्णा? कवा आलीस? जेवलीस का?"

"आत्ताच आले, अण्णा." ती बसली. वाटेत तिनं वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आता कामाचं राहिलं नाही. "अण्णा, मिरजेला आपण दवाखान्यात गेलो होतो. डोक्याला टोपी घातली होती. तेव्हा मी तुमच्याशी काही बोलले होते."

अण्णा समोरच्या कुंपणाकडं बघत होते. "मिरजेला? कवा गं? माझ्या डोक्याचं काय खरं हाय व्हय आता. पार रिकामं खोकं झालंय. मला न्हाई काय आठवत."

आणि तिला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटावी इतकं सुटल्यासारखं वाटलं. रेघ म्हणजे गोंगाट होता. ते वाक्य कुठंच पोचलं नव्हतं. आता पाठाऱ्यांना कळवायचं, पुरावा नाही. समिती बसेल, वर्षभर चिवडेल, आणि तिचं वाक्य कायमचं वजा होऊन जाईल. ती पर्स उचलायला वाकली.

"आन बोलली असलीस तरी काय," अण्णा हलक्या आवाजात म्हणाले. "दमून बोलली असशील. पहाटंचं पुण्यास्नं निघून आल्तीस. पोटात अन्नाचा कण न्हवता. मी म्हटलं, हितं चहा मिळतोय का बघावा, पोरीच्या पोटाला आधार हुईल."

सुवर्णा वाकलेली तशीच राहिली. चहा त्यांनी स्वतःसाठी मागितला नव्हता.

"अण्णा," ती म्हणाली, "तुम्हाला आठवतंय."

अण्णा स्वेटरचं चुकलेलं बटण चाचपत राहिले.

"सगळं आठवतंय. म्हणून तुम्ही फोन करायचे बंद झालात."

"तुला तरास हुतो म्हनालीस." त्यांनी मांडीवरचा हात उलटा करून बघितला. "मग कशाला करायचा? मंगलनं दोनदा फोन हातात दिला. मी म्हटलं, नगं. ती कामात असती."

सुवर्णाचे डोळे भरून आले, पण रडायचाही आपल्याला हक्क नाही असं तिला वाटलं. रडलं की ते समजूत घालणार, आणि ती समजूत घेणं म्हणजे त्यांच्याकडून आणखी काही उकळणं. तिनं नाक पुसलं आणि ज्यासाठी आली होती ते सांगितलं. यंत्र तिनंच दिलं होतं. त्यात चूक निघाली आहे. तुम्ही शिळे नव्हता, आणि तुमच्यासारखी आणखी किती माणसं अशीच बसून सगळं ऐकत असतील. "तुम्ही ते बोलणं डॉक्टरांना सांगितलंत तर आज चाचणी थांबेल. सांगावं लागेल, अण्णा. मी बोलले ते."

"मी न्हाई सांगनार."

"अण्णा..."

"लेकीचं घरातलं बोलनं चारचौघांत सांगायचं? मला डाग लागू दे. शिळा तर शिळा."

असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. आता काय करावं? माझ्यावर दया करू नका, असं त्यांना सांगायचं कसं? ती उठून जाईल असं त्यांना वाटलं असावं. पण ती बसून राहिली, आणि मग तेच बोलले. पलीकडच्या व्हरांड्यात एक बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, गोऱ्या, ठसठशीत कुंकू लावलेल्या. अण्णांनी हनुवटीनं तिकडं दाखवलं.

"त्या बाईचा नवरा गेलाय. पोरगं तिला सांगत न्हाई. तिच्याम्होरंच हितल्या साहेबास्नी म्हनालं, आईला कळवू नका, ती शिळी हाय. तिनं ऐकलं की सगळं." त्यांनी आवाज उतरवला. "पोराला वाईट वाटंल म्हनून रोज कुंकू लावून बसती. माझ्यापाशी येऊन रडती."

सुवर्णा त्या बाईंकडं बघत राहिली. त्याही इकडंच बघत होत्या.

"तिच्या पोराला कळंल का मग?" अण्णांनी विचारलं.

"कळेल. सगळ्यांना कळेल."

"मंग लाव फोन."

तिनं पाठाऱ्यांना फोन लावला आणि आवाज मोठा केला. पाठारे म्हणाले, बोलणं टिपून घेतो आहे, आजोबा, सावकाश सांगा. अण्णा बाकावर ताठ बसले. त्यांनी घसा खाकरला, आणि कर्ण्यासमोरचा तो जुना, शुद्ध, कामावरचा आवाज त्यांच्या तोंडून आला.

"माझी मुलगी सुवर्णा त्या दिवशी मला म्हणाली की, अण्णा, मी दमले. परवा तुमचा फोन आला, तो मी मुद्दाम उचलला नाही." एवढं बोलून त्यांनी क्षणभर दम घेतला. "एवढंच म्हणाली. नंतर मी चहा मागितला."

पलीकडून पाठाऱ्यांनी सुटकेचा लांब श्वास सोडला. "पुष्कळ झालं. फार उपकार झाले, आजोबा. मॅडम, बरोबर आहे ना? एवढंच बोलला होता?"

अण्णांनी तिच्या मनगटावर हात ठेवला आणि हळूच दाबला. हो म्हण, एवढाच त्याचा अर्थ होता. हो म्हटलं असतं तरी पुरावा पुरा होता. चाचणी आजच थांबणार होती, ती बाई उद्या कपाळ पुसून मोकळेपणानं रडणार होती, आणि अण्णा मरेपर्यंत तोंड उघडणार नव्हते. त्यांनी तिच्या बोलण्यातून नेमकं तेवढंच काढून टाकलं होतं, तिच्याहून कितीतरी सफाईनं.

"नाही," सुवर्णा म्हणाली. "आणखी एक वाक्य होतं. मी म्हणाले होते, आईच्या जागी तुम्ही गेला असता तर बरं झालं असतं."

अण्णांनी हात काढून घेतला.

"कशाला सांगितलंस?" ते म्हणाले. आता आवाज पुन्हा घरचा होता, आणि थकलेला. "मी नसतं सांगितलं."

"माहीत आहे."

"आन त्यात खोटं काय हुतं, पोरी? मलाबी रोज तसंच वाटतंय की."